राबाची डावी बाजू

जळक्या पाल्याचा वास आला की मला आमच्या गावचा, तळेघरचा राब आठवतो. भाताचं बी टाकण्याआधी पाला जाळून वाफा भाजायचा, तो राब; त्यासाठी फांद्या तोडताना आई झाडावरून पडली. डोक्याच्या मागं मार बसला. पुढं तिनं वाफ्यावर पाला पसरला, तर डावी बाजू कोरीच राहिली. बायका हसल्या.

डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांत टॉर्च मारला. "डोळे चांगलेत. नाटक करतेय."

मला आईची लाज वाटली. आई मात्र म्हणाली, "डोळं माजं हायेत. डावीकडचं दिसत न्हाई म्हंजे न्हाई."

आता मी डॉक्टर होऊन मेंदूच्या त्याच मागच्या भागावर संशोधन करते. डोळे शाबूत असले तरी तिथं उजवीकडं इजा झाली की डावीकडचं दिसेनासं होतं. माझ्याकडे कुणी 'दिसत नाही' म्हणत आलं, तर टॉर्च खिशातच ठेवते. आधी ऐकते.