ग्वाल्हेरात सूर्य डोक्यावर येत नाही

"साखर उत्तरेच्या फळीवर आहे, आणि दूध पश्चिमेच्या शेगडीवर," बाई बाहेरच्या खोलीतून सांगायच्या, आणि चहा करायला आत गेलेला माणूस बावचळून उभा राहायचा.

डावं-उजवं हे शब्द त्यांच्या तोंडात नव्हतेच. जन्मभर मुलींना भूगोल शिकवला, त्याचा हा परिणाम. आम्ही मराठी घरातले त्यांना बाई म्हणायचो. नया बाजारातली आमची बाकी गल्ली बहनजी म्हणायची. असं एखादं माणूस तुमच्याही गल्लीत असेल. त्याच्याकडे पत्ता विचारायला जावं आणि होकायंत्र घेऊन परतावं लागावं, असं.

यजमान गेल्यावर बाई एकट्याच राहिल्या. मुलगा पुण्याला. दर आठवड्याला फोनवर तोच आग्रह, "आई, आता एकटीनं नाही व्हायचं तुझ्याच्यानं. इकडे ये." बाईंचं उत्तरही तेच, "माझं घर मी चालवते आहे." त्याच जिद्दीत त्यांनी छतावर सोलर बसवून घ्यायचं ठरवलं. मुलाला विचारलं नाही, नुसतं कळवलं.

दिवाळीच्या आधी पॅनल बसले. रस्त्यावरून पाहिलं की निळे, चकचकीत, सगळ्या गल्लीत उठून दिसायचे. थंडी सुरू झाली आणि मोबाइलवरचा विजेचा आकडा घसरत घसरत अगदीच केविलवाणा झाला. त्यातच एक अवकाळी पाऊस पडला आणि देवघराच्या छतातून पाणी झिरपलं. पॅनलचे बोल्ट स्लॅबमध्ये खोल ठोकले होते आणि भोकं तशीच उघडी सोडली होती.

बाईंनी कंपनीला फोन लावला.

"मैडम, बादल हैं," तिकडून उत्तर आलं.

"मी खिडकीत उभी आहे. एक ढग नाही," बाई फोनवर हात ठेवून मला म्हणाल्या.

पुढच्या वेळी "कोहरा है." त्याच्या पुढच्या वेळी "नया सिस्टम है मैडम, सेट होने में टाइम लगता है."

"सिस्टम नया है, सूरज तो पुराना है ना?" बाईंनी विचारलं. फोन ठेवला गेला.

मग एका रविवारी त्या दुखरे गुडघे सांभाळत, एकेका पायरीवर बसत, छतावर गेल्या. मी मागून खुर्ची नेली. वर पोचल्यावर त्यांनी आधी सूर्याकडे पाहिलं, मग पॅनलकडे. पॅनलची तोंडं रस्त्याकडे होती, म्हणजे थेट उत्तरेला. आणि पाठीशी जिन्यावरची खोली, जिला आम्ही इथे ममटी म्हणतो, तिची सावली त्यांच्यावर पसरलेली. बाईंनी गेरू मागवला. सकाळपासून संध्याकाळपर्यंत दर तासाला मी त्या सावलीची कड छतावर आखत गेलो, आणि प्रत्येक रेघेजवळ वेळ लिहायला लावून त्या वहीत उतरवत गेल्या.

दुसऱ्या दिवशी माझ्या स्कूटरवर मागे बसून त्या सिटी सेंटरला कंपनीच्या ऑफिसात गेल्या. मॅनेजर पोरसवदा, पण टाय लावलेला.

"आंटी जी, बैठिए."

"बेटा, दोपहर को सूरज कहाँ होता है?"

"ऊपर," तो हसून म्हणाला. "एकदम सिर पर."

"ग्वालियर में सूरज सिर पर नहीं आता. साल में एक दिन भी नहीं. हमेशा दक्खिन की तरफ झुका रहता है." बाईंनी वही उघडून समोर ठेवली. "तुमने मेरे पैनल उत्तर में क्यों लगाए?"

"फ्रंट से अच्छा दिखता है, आंटी जी," तो म्हणाला. मग त्याची नजर वहीवर गेली आणि त्यानं मान खाली घातली.

माणूस पाठवतो, असं त्यानं कबूल केलं. मला वाटलं बाई खूश असतील. पण घरी आल्यावर त्या पायरीवरच बसल्या.

"चूक माझीही आहे रे. ते बसवत होते तेव्हा मी वर गेलेच नाही. गुडघे दुखतात म्हणून खाली त्यांच्यासाठी चहा करत बसले. जन्मभर दिशा शिकवल्या आणि स्वतःच्या छतावर..." त्यांनी पदरानं चष्मा पुसला. "मुलाला यातलं काही बोलू नकोस. तो म्हणेल, बघ, नाही ना जमत."

चार दिवसांनी गावातल्याच हजीरा भागातून एक मिस्त्री आला, चाळिशीचा, अबोल. पॅनल त्यानंच बसवले होते. या वेळी बाईही त्याच्यासोबत छतावर गेल्या. तिथल्या गेरूच्या रेघा पाहून तो उकिडवा बसला आणि एकेक रेघ बोटानं तपासू लागला.

"हमको उसी दिन लगा था, गलत है," तो हळूच म्हणाला. "साहब बोले, रोड की तरफ करो."

"तो बोले क्यों नहीं?"

"हमसे कौन पूछता है, बहनजी?"

 बाई खुर्ची त्याच्याजवळ ओढून म्हणाल्या, "मैं पूछ रही हूँ. बताओ, कहाँ लगाएँ?"

दोन दिवस त्या दोघांचं काम चाललं होतं. ममटीच्या दक्षिणेला, उंच सांगाड्यावर, रस्त्यावरून अजिबात दिसणार नाहीत असे पॅनल बसले. जुनी भोकं बुजवून त्यानं छतावर दिवसभर पाणी तुंबवून ठेवलं. देवघर कोरडं राहिलं. दुपारी मोबाइलवरचा आकडा पाहून बाई लहान मुलीसारख्या हसल्या, आणि त्याच संध्याकाळी त्यांनी मुलाला फोन करून अथपासून इतिपर्यंत सगळं स्वतःच सांगितलं, स्वतःच्या चुकीसकट. तो खूप हसला म्हणे. पुण्याचा आग्रह त्यानंतर थांबला.

बाई पुढे चार वर्षं त्याच घरात मजेत राहिल्या. मिस्त्री अधूनमधून नव्या कामाच्या छताचा नकाशा घेऊन यायचा आणि पॅनल कुठे लावावेत ते त्यांना विचारून जायचा. गेल्या चैत्रात, दुपारच्या झोपेतच त्या गेल्या.

पंधरा दिवसांनी मिस्त्री त्यांच्या दारात कुलूप पाहत उभा होता. त्याला कळलं नव्हतं. मी सांगितलं तसा तो पायरीवर टेकला. मुलानं माझ्याकडे ठेवलेली किल्ली त्यानं मागून घेतली, वर गेला, सगळे पॅनल पाण्यानं धुऊन पुसून खाली आला. मग खिशातून कुणाच्या तरी छताचा पेन्सिलीनं काढलेला नकाशा काढून माझ्यापुढे धरला.

"भाईसाब, इसमें आप कुछ बता पाएँगे?"

मला त्यातलं काही कळत नव्हतं. मी तसं म्हणालो.

तो कागद मांडीवर घेऊन बसला. कानावरची पेन्सिल काढून त्यानं एका कोपऱ्यावर सावकाश फुली मारली.

"यहाँ नहीं," तो स्वतःशीच म्हणाला. "तीन बजे के बाद यहाँ छाया आएगी."