वैनगंगेपलीकडची आत्या

चांद्याच्या स्टेशनावर उतरलो तेव्हा काका नव्या सुनेच्या माहेरी निघालेल्या व्याह्यासारखे खुशीत होते. आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत त्यांनी लिहायला घेतला होता आणि मी तो उतरवून देत होतो. सारे पुरुष सापडले होते. अडला होता एकच, काकांच्या आजोबांचे धाकटे भाऊ राघोबा. भावांशी भांडून ते वर्धेकडून निघाले, वैनगंगा ओलांडली आणि जंगल तोडून तिथे गाव वसवलं, एवढंच घरात सांगत. काकांच्या तोंडी मात्र त्याचा पोवाडा झाला होता.

कचेरीत दोन दिवस धूळ खाल्ली. भाषावार प्रांतांच्या गलबल्यात कारकुनांना सवड नव्हती. अखेर जुन्या बंदोबस्ताच्या बाडात राघोबांचं गाव, येरमटोला, सापडलं. ‘राघोबा पाटील, मयत. वारस नाही. पुतण्याचे नावे.’ तो पुतण्या म्हणजे काकांचे वडील. त्यांनी पुढे गाव एका लाकडाच्या ठेकेदाराला देऊन टाकलं. आता तिथे रिठी (उजाड गाव) असल्याची नोंद होती. काकांनी समाधानानं चष्मा पुसला. “वंश खुंटला. जागेचा एक फोटो घेऊ, की प्रकरण संपलं.”

गोंडपिपरीला मोटारीचं चाक बसलं. हॉटेलात तिखट तर्री आणि थंड भजी खात आम्ही दुपार काढली. आष्टीला नदी डोंग्यानं पार केली. पाणी कमी, वाळू फार. पलीकडे साग सुरू झाला. फाल्गुनातला साग म्हणजे निव्वळ काठ्यांचं रान. ना सावली, ना पाखरू. आलापल्लीपर्यंत समोरून लाकडांचे ट्रक येत राहिले आणि त्यांची लाल धूळ आमच्या दातांखाली करकरत राहिली.

आलापल्लीहून रहीमभाईंची बैलगाडी केली. ते डिंक-मोहाचे व्यापारी, त्या भागातल्या प्रत्येक टोल्यावर (पाड्यावर) ओळख असलेले. राघोबांचं नाव काढताच म्हणाले, “पाटलाची पोरगी हाय ना अजून. बुधीबाई.”

“राघोबांना मूल नव्हतं,” काका म्हणाले.

“नव्हतं कसं साहेब? मी तिच्याकडून मोहा घेतो.”



रिठी म्हणजे एक बुजलेली विहीर आणि चिंचेखाली चौथरा. तिथून थोड्या अंतरावर, रानाच्या कडेला, चार झोपड्या होत्या. एक म्हातारी अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती. तिनं मान वर केली आणि मी दचकलो. माझ्या वडिलांचं नाक, काकांची पुढे आलेली हनुवटी. रहीमभाईंनी गोंडीत आम्ही कोण ते सांगितलं. तिनं हात पुसले, खाट टाकली आणि तुंब्यातून दोन द्रोण जावा (तांदळाची पातळ पेज) ओतून आणली.

मी प्यालो. आंबट, गार, फार चांगली लागली. काकांनी द्रोणाला हात लावला नाही. वयानं ती त्यांच्याएवढीच, नात्यानं आत्या.

“माझी तब्येत बरी नाही,” ते म्हणाले.

“माहा बाप मेला तवा तुहा बाप आलता,” ती मराठीत म्हणाली. “घोड्यावर. मायनं कोंबडा कापला. त्यानं पोटभर खाल्ला, माह्या डोक्यावरून हात फिरवला. मंग चपराशी आला. म्हने गाव खाली करा, पाटलाले वारस नाई. म्या त इथीच होती. त्यानं काऊन असं सांगतलं?”

काका खाटेवरून उठले. “लग्न लागलं होतं का? काही पुरावा आहे?”

“पुरावा का म्हंतेस? मी बसून राह्यली ना तुह्यासमोर.”

रहीमभाई बैलांकडे गेले. मला वाटलं, आता काका वाकतील, निदान हात तरी जोडतील. ते कॅमेरा घेऊन विहिरीकडे चालू लागले.

म्हातारीनं माझी बाही धरली. “तुले एक विचारू का, बाबू? माहा बाप तापात त्याच्या मायले हाका मारे. नुसतं माय माय म्हने. तिचं नाव का होतं?”

मी काकांना हाक मारून विचारलं. अकरा पिढ्यांची नावं त्यांना मुखोद्गत होती. ते थांबले, आठवू लागले, आणि मग चिडून म्हणाले, “बायकांची नावं कोण लिहून ठेवतो?”

मी तिला सांगितलं, “माहीत नाही, आत्या.” या शब्दासरशी तिनं माझ्याकडे पाहिलं. मग रिकामा द्रोण उचलून ती पुन्हा फुलांपाशी जाऊन बसली.

परतीच्या डोंग्यात मी काकांना विचारलं, “तिचं नाव कुठं घालायचं?”

“ऑफिसचा कागद खोटा कसा म्हणायचा?” ते म्हणाले. वडिलांच्या शब्दाविरुद्ध ते जाणार नव्हते, आणि मी ते लिखाण पुढे उतरवून देणार नव्हतो. तेवढ्यावर आमचं बोलणं तुटलं, ते आजतागायत.

कुलवृत्तांत छापून आला. राघोबांवर दोन पानं आहेत, निबिड अरण्यात गाव वसवणारा कर्ता पुरुष म्हणून, शेवटी ‘निपुत्रिक’. विहिरीचा फोटो झकास निघाला आहे. मी नंतर वर्धेला, हिंगणघाटला, नात्यातल्या प्रत्येक म्हाताऱ्या बाईकडे जाऊन आलो. राघोबांच्या आईचं नाव कुणालाच सांगता आलं नाही. गेल्या पावसाळ्याआधी रहीमभाईंचा निरोप आला, बुधीबाई गेली. तिला सांगायला माझ्याजवळ अजूनही काही नव्हतं.