मोबाइलवर न दिसलेली पट्टी

रोहिणी गांगुर्डेचं नाव निघालं की मी विषय बदलतो. शेण मी खाल्लं आणि भोगलं तिनं. मग बोलणार काय, डोंबल!

ती सायखेड्याहून रोज एसटीनं नाशिकला यायची. आमच्या वेबसाइट बनवायच्या ऑफिसात तिला मीच चिकटवली होती. सहा महिने ट्रायल, मग पक्की नोकरी. घरात महिन्याचा पगार आणणारी ती पहिलीच, त्यामुळे सगळ्यांचे डोळे ती पक्की होण्याकडे.

तिच्याकडे एक वही असायची. पानावरच्या एकाच मजकुराला दोन-चार नियम वेगवेगळा रंग सांगत असले, तर ब्राउझर कुणाचं ऐकणार, हे ती गुण देऊन काढायची. सरसकट सगळ्या परिच्छेदांना लागणाऱ्या नियमाला कमी गुण, ठरावीक क्लासच्या, म्हणजे एका गटाच्या नियमाला जास्त, एकाच आयडीवर, म्हणजे पानावरच्या एकाच वस्तूवर बोट ठेवणाऱ्याला त्याहून जास्त. बरोबरी झाली तर खाली लिहिलेला जिंकतो. मी हसायचो. "अगं बाई, पेपर तपासतेस का? नियमापुढं 'इम्पॉर्टंट' हा शब्द ठोक, बाकीचे सगळे नियम गप्प बसतात!"

"पण सर, मग नंतर येणाऱ्यानं काय करायचं?" ती विचारायची.

एप्रिलमध्ये मुलींच्या एका वसतिगृहाच्या साइटवर सूचनेची पट्टी मोबाइलचा अर्धा स्क्रीन खात होती. माझा डबा उघडलेला, पोटात कावळे. मोबाइलवर पट्टी लपव, असा नियम लिहिला, पुढं इम्पॉर्टंट ठोकलं आणि जेवायला बसलो. नंतर काढू म्हटलं. कसलं नंतर!

जूनमध्ये वसतिगृहानं अर्जाची शेवटची तारीख आठ दिवस अलीकडे घेतली. रोहिणीनं पट्टीत नवी तारीख टाकली, पट्टी दाखवायचा आयडीचा चोख नियम लिहिला, कॉम्प्युटरवर पाहिलं. लालभडक दिसत होती. मोबाइलवर मात्र माझी ओळ तिच्या नियमाला दाबून बसलेली, आणि पोरी फॉर्म भरतात मोबाइलवरूनच. एकवीस जणींची तारीख हुकली.

शनिवारी तीन वाजता अंजली मॅडमनी आम्हाला दोघांना केबिनमध्ये बोलावलं. ऑफिस त्यांचंच. "काम कुणाचं?"

"माझं," रोहिणी म्हणाली.

मॅडमनी तिची चांगलीच हजेरी घेतली आणि मग माझ्याकडे वळल्या. "संतोष, तुला काय वाटतं?"

मला ती ओळ तेव्हाच आठवली होती, अगदी डब्यातल्या मेथीसकट. तरी मान खाली घालून म्हणालो, "मोबाइलवर चेक करायला हवं होतं."

रोहिणीनं एकदाच माझ्याकडे पाहिलं. सोमवारपासून येऊ नकोस, असं मॅडम म्हणाल्या. तिनं डबा आणि वही पिशवीत टाकली, "येते सर" म्हणाली आणि गेली.

ती गेल्यावर मी घाईघाईनं फाइल उघडली, माझी ओळ गुपचूप काढायला. ओळ तिथं नव्हतीच. त्या जागी टीप होती: 'संतोष सरांचं इम्पॉर्टंट इथं होतं. काढलं. आता मोबाइलवर पट्टी दिसते. रोहिणी, शनिवार, दुपारी बारा.'

म्हणजे तिला आधीच माहीत होतं. केबिनमध्ये ती मी बोलतो का, हे बघत होती. लाज वाटली. वाटलं, असंच उठावं आणि मॅडमना ही टीप दाखवावी.

मागं मॅडमच्या केबिनचं दार वाजलं. मी टीप पुसली आणि फाइल सेव्ह केली.