चालीशिवाय

आखाती युद्ध सुरू झालं तेव्हा रियाधच्या आमच्या क्वार्टर्समध्ये सगळ्यात नीट चिकटवलेली खोली आमची होती. विषारी वायूच्या भीतीने खिडक्यांना प्लास्टिक, कडेने टेप, दाराशी ओला टॉवेल, कोपऱ्यात पाण्याचे कॅन. वॉर्डातून आल्यावर मी दोन संध्याकाळी तेच काम केलं. म्हणून शुक्रवारचं गाणं आमच्याकडे आलं. एरवी ते इस्पितळाच्या प्रयोगशाळेच्या जर्मन प्रमुखांकडे, दबक्या आवाजात व्हायचं. चर्चचं गाणं या देशात बाहेर ऐकू जाऊन चालत नसे. प्लास्टिकचा तेवढा फायदा झाला.

गाणारे आम्ही चौघे. प्रमुख बास, म्हणजे सगळ्यात खालचा आवाज, त्यांची बायको सोप्रानो, सगळ्यात वरचा. मधले दोन आमचे: एक्स-रेचा मल्याळी तंत्रज्ञ टेनर, मी सोप्रानोच्या लगेच खालची आल्टो. रचना जुनी जर्मन, एका लूथरन स्तोत्रावर बांधलेली. सुरुवातीचा भाग मोठ्या कोरसचा, त्याच्या वाटेला आम्ही गेलोच नाही. शेवटी मात्र तेच स्तोत्र चार आवाजांत साधेपणाने येतं. चाल सोप्रानोकडे, बाकीचे तिघे तिच्याखाली आपापल्या वाटेने.

ती चाल मी लहानपणापासून नगरच्या चर्चमध्ये मराठी शब्दांत म्हटलेली. त्यामुळे दुसऱ्याच ओळीला मी आल्टो सोडून चालीवर जायची.

"सिस्टर, आप फिर ऊपर चली गईं," तंत्रज्ञ म्हणायचा. "नीचे भी लोग रहते हैं."

माझा नवरा मांडीवर गॅस मास्क घेऊन बसलेला असायचा. "दोन बॅगा भरून दाराशी ठेवल्यास," तो म्हणाला. "आता तिसरी सुरांनी भर."

जर्मन दूतावासाने बायकामुलांना परत न्यायचं ठरवलं होतं. जर्मन बाईंचं विमान शनिवारचं होतं. प्रमुखांना एक्झिट, म्हणजे देश सोडायची परवानगी, मिळत नव्हती. जाण्याआधी एकदा तरी ते स्तोत्र न अडखळता पुरं व्हावं, एवढंच त्या दोघांना हवं होतं. अडखळत होते ती मी. मग आठवडाभर ड्रेसिंगचे ट्रे लावताना, बसमध्ये, भांडी घासताना मी आल्टो घोकली. रात्री सायरनने झोप मोडे, तेव्हाही डोक्यात तीच.

शुक्रवारी प्रमुख एकटेच आले. आधीच्या विमानात जागा मिळाली होती, बाई पहाटेच गेल्या होत्या.

"चाल तुम्ही घ्या," ते मला म्हणाले. "तुम्हाला येते."

येत होतीच. पण दुसऱ्या ओळीला माझा आवाज आपोआप खाली आल्टोवर आला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच.

"सिस्टर ने अब नीचे घर ले लिया," तंत्रज्ञ हळूच म्हणाला.

"माफ करा," मी म्हटलं. "फार दमलेय."

"राहू द्या," प्रमुख म्हणाले. "तुमचंच म्हणा."

मग आम्ही तिघांनी आपापलं म्हटलं. चाल कोणीच गात नव्हतं. प्रमुखांची नजर कागदावर होती, पण पान उलटायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही. शेवटपर्यंत कुठेही अडखळलं नाही.

"संपलं?" नवऱ्याने विचारलं.

"हो," प्रमुख म्हणाले, आणि उठले.

मी दाराचा टॉवेल बाजूला केला. दोघे गेल्यावर तो पुन्हा ओला करून जागेवर ठेवला.