मानेपासून पोटरीपर्यंत

निवृत्त झाल्यापासून एक गोष्ट माझ्या लक्षात आली आहे. काही चांगलं घडलं तर ते आपण विसरून जातो, पण डोकं फिरवणारं काही घडलं की ते लोणच्यासारखं मुरत राहतं. धंतोलीतल्या आमच्या स्कॅन सेंटरमधल्या गोष्टी माझ्याजवळ अशाच साठल्या आहेत. मुलं म्हणतात, "आई, तू किस्सा सांगतेस की भांडतेस?" दोन्ही! मला ते वेगवेगळं जमत नाही.

काळ ऐंशीच्या दशकाच्या शेवटचा. नागपुरात सीटी स्कॅनचं मशीन म्हणजे तेव्हा नवलाईची वस्तू. मी तिथे फिल्म वाचणारी डॉक्टर. सेंटरचे मालकही डॉक्टरच, पण त्यांचा जीव मशीनमध्ये अडकलेला. मशीनची ट्यूब तापली की ताप यांना चढायचा. मशीन चालवायला वामन नावाचा टेक्निशियन. आणि समोरच्याच गल्लीत दवाखाना असलेले एक न्यूरॉलॉजिस्ट. गुडघ्यावर मारायची ती छोटी हातोडी कायम त्यांच्या खिशातून डोकावायची, म्हणून त्यांच्या पाठीमागे आम्ही त्यांना हातोडीवाले सर म्हणायचो. एवढीच आमची मंडळी.

*

त्या काळात स्कॅन म्हणजे बहुतेक डोक्याचाच. कोणाच्या पायातली ताकद गेली, हात उचलेनासा झाला, चिठ्ठी एकच: डोक्याचा स्कॅन करावा. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

वर्ध्याकडचे एक शाळामास्तर आले. पायऱ्या चढता येत नव्हत्या, खुर्चीतून उठायला माणूस लागायचा. डोक्याचा स्कॅन आधीच एकदा होऊन नॉर्मल आला होता, तरी नव्या डॉक्टरांनी पुन्हा डोकंच लिहून दिलं होतं. वामन कपाळावर पट्टा बांधायला लागला तेव्हा मास्तर शांतपणे म्हणाले, "बाबू, डोक्यानं तर मी अजून गणित शिकवून राहिलो. बिघडलं ते खाली हाये."

मी मालकांकडे गेले. मालक म्हणाले, चिठ्ठीत डोकं आहे तर डोकंच काढायचं. काढलं. पुन्हा नॉर्मल! मास्तर आले तसे मुलाच्या खांद्यावर हात टाकून गेले. त्या दिवशी मी डबा उघडला नाही. घरी येऊन नवऱ्यावर ओरडले, त्याचा काही संबंध नसताना.

*

यावर उपाय हातोडीवाल्या सरांनी काढला. म्हणाले, परदेशात आता स्नायूंचे स्कॅन काढायला लागले आहेत, आपणही काढू. मान, खांदे, कंबर, मांडी, पोटरी, प्रत्येक ठिकाणचा एकेक आडवा काप घ्यायचा. चांगला स्नायू फिल्मवर राखाडी दिसतो. खराब झालेल्या स्नायूत चरबी भरते आणि तो काळा दिसतो. कुठले स्नायू गेले, कुठले शाबूत राहिले, याची ठेवण बघितली की आजार कुठल्या जातीचा आहे याचा अंदाज येतो. शेंबड्या पोरालाही समजेल इतकं सोपं.

मालकांना समजलं नाही. "मॅडम, मांस बघायला कोणी एवढं मशीन घेतं का? लिव्हर बघा, किडनी बघा." त्यांना एक खोडही होती. फिल्म छापताना अवयव मोठा दिसावा म्हणून ते चित्राच्या कडा कापून टाकायला लावायचे. आता कडेला काय असतं? स्नायू! म्हणजे ज्याचा आजार, तेच आधी कापून फेकायचं!

मी चिडून जुन्या फिल्म उपसल्या. एका कोळशाच्या ट्रकवाल्याचा पोटाचा स्कॅन सापडला. सरळ उभं राहता येत नाही ही त्याची तक्रार, आणि आमचा रिपोर्ट नॉर्मल. त्याची एक फिल्म कडा कापायची राहून गेली होती. पाठीचे स्नायू तव्यासारखे काळे! मी ती फिल्म मालकांपुढे नेऊन धरली. त्यांनी चष्मा लावला, बराच वेळ निरखून पाहिली आणि म्हणाले, "पण लिव्हर किती सुंदर आलंय."

*

मग मंदा आली. कोराडीच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत राहायची, नवरा सुरेश तिथेच नोकरीला. लग्नाला दोनेक वर्षं झालेली. पोरीचे हात खांद्याच्या वर जात नव्हते. केस विंचरायचे तर गुडघ्यावर कोपर टेकवून डोकंच खाली आणायची. चालताना दोन्ही बाजूंना झुलायची, कारण कमरेच्या स्नायूंना शरीर तोलता येत नव्हतं. सासूचं म्हणणं वेगळं होतं. "मटकून राहिली. कॉलनीतल्या माणसाईले दाखवाले." हे माझ्यासमोर, पोरीच्या तोंडावर सांगितलं.

आणि सासूला बळ कोणी दिलं? धंतोलीतल्याच एका बड्या फिजिशियननं. उंटावरून शेळ्या हाकणारा गृहस्थ! पोरीला साधं खुर्चीतून उठायला न सांगता त्यानं लिहून टाकलं, हिस्टेरिया. वर समजावून सांगितलं की नव्या नवरीला कामाचा कंटाळा असतो. तो एक इंग्रजी शब्द सासूनं घरी नेला आणि सकाळ-संध्याकाळ वापरला.

घरात निर्णय झालेला होता. आजार खोटा निघाला तर नाटकी पोरगी नको, म्हणून काटोलकडे बापाच्या घरी पोचवायची. खरा निघाला तर आजारी पोरगी नको, म्हणून पोचवायची. मी सुरेशला विचारलं, मग स्कॅन तरी कशाला काढता? तो खाली बघून म्हणाला, "आईले पक्कं पाह्यजे."

मंदानं मात्र मला बाजूला गाठून वेगळंच विचारलं. "मॅडम, खरा आजार निघन ना? मी खोटारडी नाई, एवढं तरी निघन ना?" आजार निघावा म्हणून हात जोडणारी पेशंट मी त्याआधी पाहिली नव्हती. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखीच राग आला.

*

हातोडीवाल्या सरांनी तिच्या स्नायूचा तुकडा तपासायला पाठवलेला होता. सर्जननं तो कुठून घेतला? जिथून ते नेहमी घेतात तिथून, कारण तिथे टाके घालायला सोपं जातं. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला: फक्त चरबी आहे, स्नायू आढळला नाही. सर्जन म्हणाले, पॅथॉलॉजिस्टला दिसत नाही. पॅथॉलॉजिस्ट म्हणाले, सर्जनला स्नायू कळत नाही. पंधरवडाभर दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. त्या जागी स्नायू उरलाच नसेल, हे एकाही भैताडाच्या डोक्यात आलं नाही!

रिपोर्टातली चरबी सासूच्या कानावर गेली. ती म्हणाली, "मी म्हनतच होती. बसून खाते, चरबी चढली."

हातोडीवाले सर तसे थंड डोक्याचे. त्या दिवशी त्यांनीही हातोडी टेबलावर आपटली. म्हणाले, आता आधी पूर्ण अंगाचा नकाशा, मग सुरी. जो स्नायू अर्धा खराब आणि अर्धा शिल्लक असेल, तिथूनच तुकडा घ्यायचा. चिठ्ठीत त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं, मानेपासून पोटरीपर्यंत, कडा न कापता. 'न कापता'खाली दोन रेघा.

*

मंदाच्या स्कॅनच्या दिवशी इतवारीतले एक सेठ हजर झाले. मालकांचे दोस्त. धंतोलीत फुल बॉडी निघते ही बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. आजार काय? काही नाही. तब्येत फर्स्टक्लास! पण निघत असेल तर माझीही काढा, एकही भाग सोडू नका. मालकांनी त्यांना आधी घेतलं. मी मालकांना जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सेठजींचं अंग ऐसपैस. ट्यूब तापली. ती थंड होईपर्यंत थांबावं लागलं आणि ती थंड होते न होते तोच लाईट गेली. कोराडीत वीज करायची, आणि कोराडीच्या पोरीनं धंतोलीत अंधारात बसायचं! शेवटी मालकांनी तिला परवा या म्हणून सांगितलं. सुरेशची ड्यूटी बुडाली ती बुडालीच, आणि परतीच्या बसमध्ये सासू काय बोलली असेल ते मी कल्पनेनंच ऐकलं.

सेठजी जाताना खूश होते. विचारलं, सगळं चांगलं आहे ना? मी दात आवळून हो म्हटलं. म्हणाले, "तो फिर मॅडम, एक बडावाला फोटो दे दो, दुकान में लगाएंगे."

*

स्कॅन एकदाचा झाला. खांद्यामागचे स्नायू काळे, कमरेचे बरेचसे काळे, मांडीचे काही अजून राखाडी. हातोडीवाल्या सरांना मांडीतली नेमकी जागा मिळाली, तिथून तुकडा घेतला आणि नक्की झालं: स्नायूंचा आजार, घराण्यातून येणारा. मुळासकट जाईल असं औषध नाही, पण पोरगी खोटारडी नाही.

ती फिल्म घेऊन मी तडक त्या बड्या फिजिशियनकडे गेले. गरज नव्हती, पण गेले. त्यांनी ती खिडकीकडे धरली आणि फिल्म नीट आलेली नाही, परत काढा, असं म्हणाले. मी म्हटलं, "सर, फिल्म उत्तम आली आहे. पोरगी बरी नाही, एवढंच."

त्यांनी मंदाच्या कागदावरचा हिस्टेरिया शब्द खोडला नाही. पुढे 'सुद्धा' लिहिलं.

*

रिपोर्ट समजावून घ्यायला सगळे आमच्या सेंटरमध्ये आले. मंदा, सुरेश, सासू, आणि भिंतीला टेकून उभा असलेला मंदाचा बाप. त्याला मुलीला घेऊन जायलाच काटोलकडून बोलावलं होतं. दुपारची बस धरायची म्हणून तो कोणी न सांगता घड्याळ बघत होता.

मी पेटीवर फिल्म लावली. पेटी म्हणजे आमचा तो काचेचा दिव्याचा डबा. कुठे काळं, कुठे राखाडी, सगळं दाखवलं. म्हटलं, पोरगी कामचोर नाही, तिच्या अंगात ताकदच नाही. मंदा पदराखाली हुंदके देत होती. सासूनं सगळं ऐकून घेतलं आणि मंदाच्या बापाकडे पाहिलं. "म्हंजे खोट हाये. घेऊन जाय गा पोरगी."

हातोडीवाले सर म्हणाले, थांबा, घराण्यात आणखी कोणाला असं आहे का? सासूनं मान हलवली. "आमच्या घरी कोनाले नाई. हे तिच्या बापाच्या घरचं हाये."

"बाप कोण?" सरांनी विचारलं.

"हा काय उभा. माहा सख्खा भाऊ."

आमच्याकडे भावाची मुलगी सून करून आणणं नवं नाही. पण आपण काय बोललो हे तिला कळलंच नाही. सर खिशातली हातोडी चाचपत राहिले. मी कुठली गप्प बसते? म्हटलं, नुसत्या काळ्यावरून तुम्हाला समजायचं नाही. शेजारी एखादा चांगला खांदा लावून दाखवते. सुरेश, झोप टेबलावर.

सुरेश उठला तर सासूनं त्याला बाजूला केलं. "त्याले काहून? माहा काढा. एवढी वर्सं घर वढून राहिली मी. चांगलं अंग कसं असते ते दिसू द्या हिले." आज असं कोणाला उगाच मशीनखाली घेऊ देणार नाहीत. तेव्हा मालकसुद्धा हो म्हणाले. ट्यूब थंड होती.

ती ऐटीत टेबलावर आडवी झाली. वामनच्या तोंडात एक वाक्य बसलेलं होतं, छातीचा काप असला की तो प्रत्येकाला म्हणायचा. सवयीनं तिलाही म्हणाला, "मावशी, दोन्ही हात डोक्यावर घ्या."

तिनं डाव्या हातानं उजव्या हाताचं मनगट धरलं, वजन उचलावं तसा तो हात उचलला आणि उशाला नेऊन ठेवला. डावा हात कानापर्यंत आला आणि खाली पडला. तिनं पुन्हा नेला. पुन्हा पडला.

"थांब गा," ती वामनला म्हणाली. "हात जरासे जड हायेत माहे. पयलेपासूनच."

मंदानं पदर तोंडावरून काढला होता. वामन हळूच म्हणाला, "राहू द्या मावशी, बाजूला ठेवा. वहिनींचाही तसाच काढला होता."

काप निघाला. मी फिल्म हातात घेतली. सकाळपासून तिला सुनावायला म्हणून जमवलेली माझी वाक्यं कुठे गेली कोण जाणे. एकही आठवलं नाही. दोन्ही फिल्म पेटीवर शेजारी-शेजारी लावल्या आणि बाजूला सरकले.

सासू अगदी पेटीजवळ आली. एक पाहिली, दुसरी पाहिली. मग पुन्हा पहिली. मागे सुरेश उभा होता, त्याला तिनं पुढे येऊ दिलं नाही.

"बाई," ती मला म्हणाली, "ह्यातला माहा कोन्ता?"

मी उजवीकडच्या फिल्मवर बोट ठेवलं. तिनं त्यातल्या काळ्या खांद्यावर आपलं बोट फिरवलं. मग मागे वळून न बघता भावाला म्हणाली,

"भाऊ, तू एकटाच जाय."