काकूंनी केलेली नोंद

तोंडदेखलं बोलता येत नाही म्हणून बडोद्यात सर्वांत जास्त माणसं कुणी दुखावली असतील, तर ती आमच्या हरणीच्या सोसायटीतल्या काकूंनी. लग्नाच्या पंगतीत यजमानांना मुद्दाम बोलावून घेऊन त्या बासुंदी पातळ झाल्याचं सांगत. शेजारच्या बेननी नवा सोफा दाखवला, तर आधी त्यावर पाच मिनिटं बसून मग "सारो छे, पण कमरेसाठी नाही," असा निकाल देत. अशा या काकू पाणीगेटजवळच्या एका छोट्या मराठी ग्रंथालयात हौसेने काम करायच्या. रोज दुपारी स्कूटरवरून जायच्या, आणि नवं आलेलं पुस्तक पूर्ण वाचल्याशिवाय त्याची नोंद करायची नाही, हा त्यांचा हट्ट.

मी कॉम्प्युटरमधला, म्हणून ग्रंथालयाच्या वेबसाइटवर नव्या पुस्तकांची फीड मीच बसवून दिली. काकूंनी इकडे नोंद केली की ती आपोआप सभासदांच्या फोनवर आणि दोन कॉलेजांच्या साइटवर झळकायची. नोंदीत 'थोडक्यात माहिती' असा एक रकाना मी ठेवला, तिथेच चुकलो. "प्रवासवर्णन. लेखक हॉटेलबाहेर पडलेले दिसत नाहीत." "कादंबरी. नायिका शहाणी आहे, म्हणून दीडशे पानांत आटोपली." लोक पुस्तकांआधी काकूंना वाचू लागले.

मग वाचनकक्षात फीड दाखवणारा मोठा पडदा लागला, आणि उद्घाटनाला एका ट्रस्टचे अध्यक्ष येणार असं ठरलं. ग्रंथालयाची जागा त्या ट्रस्टचीच. ती पुढे आमच्याकडे ठेवायची की नाही, हे त्यांच्या मनावर होतं. त्यांचा कवितासंग्रह नुकताच भेट आला होता. कार्यक्रमाला अर्धा तास असताना पडद्यावर नवी नोंद उमटली. "कविता. पंचवीस वाचल्या नाहीत तरी चालेल. सव्विसावी उभं राहून वाचावी."

"काकू, काढा ती ओळ!"

"खोटी आहे का?"

"खरी आहे, म्हणूनच काढा!"

त्या हलेनात. शेवटी मीच ती सगळी नोंद पुसली. पण फोनवर पोचलेली नोंद परत बोलावता येत नाही, आणि अध्यक्षही सभासद होते. ते आले. हार घातला, टाळ्या झाल्या. मग ते पडद्याकडे बघत राहिले.

"माझं पुस्तक यात नाही. फोनवर तर होतं."

काकू उभ्या राहिल्या. "याने घाबरून पुसलं. लिहिलं मी."

अध्यक्षांनी चष्मा लावला, खिशातून फोन काढला आणि ती नोंद सगळ्यांसमोर वाचली.

"सव्विसावी म्हणजे आईवरची," ते हळूच म्हणाले. "पूर्ण वाचलीत?"

"तीनदा. तिसऱ्यांदा पुढचं दिसेना."

ते खुर्चीत बसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "परत लावा ती नोंद. आहे तशी." जागेचा विषय त्यांनी नंतर कधी काढला नाही.

गेल्या वर्षी काकू लेकीकडे नाशिकला राहायला गेल्या. दर रविवारी त्यांचा फोन येतो. "काय नवीन आलं रे?"

"काकू, फीड तिथेही येते की."

"येते. नाव, लेखक, पानं. वाचून कोण सांगतं?"

म्हणून हल्ली मी आठवड्याला एक पुस्तक वाचतो. आवडलं नाही तर तसं स्पष्ट सांगतो. पलीकडे काकू ऐकत असतात, आणि माझं सांगून झालं तरी फोन ठेवत नाहीत.