आलेलं आणि आणलेलं

"तुझी आत्या प्रभूकडं गेली गं," एवढंच बोलून दादांनी फोन ठेवला. त्याला आता महिना होत आला. मी सोलापूरहून मुरुमला पोचले तेव्हा मार्थाआत्याला पांढऱ्या साडीत निजवलं होतं आणि माझे वडील, म्हणजे दादा, थोरल्या बहिणीच्या पायाशी बसले होते. त्यांना तिथं बघून मला फार भरून आलं, कारण मधे या दोघांचं बोलणंच तुटलं होतं.

आत्याला मूलबाळ नव्हतं. नवरा लवकर गेल्यावर चर्चशेजारच्या दोन खोल्यांत ती शिवणकाम करायची. आमच्या चर्चमध्ये उपासनेनंतर साक्ष द्यायची रीत आहे. ज्याला त्रास असेल त्यानं उभं राहून तो सांगायचा, मग सगळे त्याच्यासाठी प्रार्थना करतात. आत्या पुढच्या बाकावर, खिडकीच्या कडेला बसायची. सांगणाऱ्याचं संपलं की मान वळवून विचारायची, "आलंय का आनलंय?" दुःख आपसूक आलेलं असेल तर सगळ्यांच्या आधी तिचे हात जोडले जायचे. पण आपल्याच हातानं ओढवून घेतलेलं असेल तर म्हणायची, "आधी जाऊन नीट करून ये. सोताच्या चुकीचा मार खायचा आन् त्याला क्रूस म्हनायचं, ह्ये प्रभूला चालत न्हाय." नव्या पाळकांना तर घाम फुटायचा! आम्ही पोरं तिला चेकनाका म्हणायचो.

एका उन्हाळ्यात त्या नाक्यावर खुद्द दादाच सापडले. आमची आणि शेजारच्या मलप्पाकाकांची विहीर सामाईक. एक दिवस त्यांची पाळी, एक दिवस आमची. आमचा ऊस वाळायला लागला तसं दादांनी मलप्पाकाकांच्या पाळीतही मोटार चालू करायला सुरुवात केली. काकांनी दोनदा सांगून बघितलं, मग आपल्या बांधावरून आमचा ट्रॅक्टर जाऊ देणं बंद केलं. गल्लीनंही बोलणं टाकलं. त्या रविवारी दादा साक्षीला उभे राहिले, डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "आमी ख्रिस्ती हाव म्हनून आमचा छळ चाललाय."

चर्च हळहळलं. बायकांनी डोळ्यांना पदर लावले... आणि आत्या उठली. "याकोब, मलप्पानं तुला कदी धर्म इचारला का रे? तू त्याचं पानी चोरलंस. प्रभूच्या नावानं सोसनं येगळं आन् ह्ये येगळं. त्याचं नाव ह्यात वढू नको."

दादा टोपी उचलून चालते झाले. त्यानंतर कितीतरी रविवार ते चर्चला गेले नाहीत, की बहिणीच्या दारात. आई रडायची. मी आत्यावर चिडले, "एकट्याला घेऊन सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?" मशीन थांबवून ती म्हणाली, "त्यानं खोटं चारचौघांत सांगितलं बाई. खरं कोपऱ्यात कसं सांगू? मलाबी त्यो एकच भाऊ हाय..." चुलीपाशी दुसरं ताट झाकून ठेवलेलं होतं; दादा येतील म्हणून ती रोज दोघांचा स्वयंपाक करत होती, हे मला तेव्हा दिसलं.

शेवटी दादाच उठले. मलप्पाकाकांच्या ओट्यावर जाऊन म्हणाले, "चुकलं माझं, मालक." आणि आपल्या पुढच्या पाळ्या त्यांना देऊन आले. आमचा ऊस गेला. तिथून ते सरळ आत्याकडे गेले आणि उंबऱ्यात घुटमळत उभे राहिले. आत्यानं विहिरीचं नावसुद्धा काढलं नाही. "अन्न निवतंय, हात धू," म्हणाली.

महिन्यापूर्वी आत्याची शवपेटी उचलताना मलप्पाकाकांनीही खांदा दिला.

गेल्या रविवारी मी दादांबरोबर चर्चला गेले. खिडकीकडची जागा सगळ्यांनी मोकळी सोडली होती. साक्षीच्या वेळी दादा उठले. इतक्या वर्षांत, त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. "माझी अक्का गेली. घास उतरंना झालाय," म्हणाले. सवयीनं खिडकीकडे बघत राहिले. पाळक काही बोलणार होते, मी त्यांना हातानंच थांबा म्हटलं.

"आलेलं हाय गं अक्का," दादा त्या रिकाम्या जागेला म्हणाले. "ह्ये म्या आनलेलं न्हाय."

मग सगळं चर्च गुडघ्यांवर आलं.